महाविद्यालयीन सिद्धतेच्या चाचणीचे गुण : त्यांचा अर्थ आणि मर्यादा

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत दहाव्या व अकराव्या इयत्तेतील विद्यार्थ्यांची 'पी.एस.ए.टी.' नावाची चाचणी घेतली जाते. 'एस.ए.टी.' या १९२६ साली प्रथम घेतल्या गेलेल्या महाविद्यालय-प्रवेशपरीक्षेची ही पूर्वचाचणी होय. वाचन-लेखन आणि गणित हे तिचे दोन विभाग. प्रत्येकाचे गुण १६० पासून ७६० पर्यंत.

गुणपत्रिका शेकडेवारीने वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची येथे प्रथमच फसगत होते. ७६० पैकी ३८० म्हणजे निम्मे गुण नव्हेत. कारण पट्टीचा तळ शून्यावर नाही. शिवाय २०२३ पासून चाचणी संगणकावर होते व प्रत्येक विभागाचा उत्तरार्ध पूर्वार्धातील कामगिरीनुसार सोपा वा अवघड ठरतो. केवळ बरोबर उत्तरे मोजून गुण काढता येत नाहीत. पट्टी मात्र मुख्य परीक्षेचीच आहे. दोहोंतील ५०० गुण एकाच पातळीचे दर्शक होत. शततमकाचेही तसेच. सत्तरावा शततमक उत्तरांविषयी काही सांगत नाही. तुलनेच्या गटातील शेकडा सत्तरांचे गुण तितके वा त्याहून कमी आहेत, एवढेच तो सांगतो.

खरी अडचण आहे ती 'सिद्धतेच्या निकषा'ची. एस.ए.टी.त हा निकष वाचन-लेखनासाठी ४८० व गणितासाठी ५३० आहे. गणितात ५३० गुण मिळविणाऱ्यास महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात बीजगणित, संख्याशास्त्र यांसारख्या विषयात निदान 'सी' श्रेणी मिळण्याचा संभव शेकडा ७५ असतो. अर्थात् नेमक्या निकषावर असलेल्या चौघांपैकी एकजण ती श्रेणी गाठणार नाही, हेही त्यातच अभिप्रेत आहे. निकषाखाली संभव क्रमाक्रमाने उतरतो; तेथे कोणतीही भिंत उभी नाही.

पूर्वचाचणीत गणिताचा निकष दहावीस ४८०, अकरावीस ५१० आहे. समजा, दहावीतील एका मुलीस ४७० गुण मिळाले. एका विभागातील मापनदोष सुमारे ३० गुणांचा असतो. तिची खरी पातळी निकषाच्या वर असणे सहज शक्य आहे. तरीही 'असिद्ध' असा शिक्का मारून तिला सोप्या गणिताच्या वर्गात बसविले, तर बारावीपर्यंत कलनशास्त्राकडे जाण्याची तिची वाट बहुधा बंद होते आणि शाळेनेच चाचणीचे भाकीत खरे करून दाखविल्यासारखे होते. वर्गशिक्षकाचे मत व वर्षभरातील काम डावलून केवळ या एका आकड्यावर असा निर्णय घेणे समर्थनीय नाही.

याच मुलीस अकरावीत ५२० गुण मिळाले, तर दोन निकषांतील ३० गुणांच्या अंतराशी तिची ५० गुणांची वाढ ताडून पाहता येते. दोन मापनांतील दोष एकत्र येत असल्याने हा फरकही सैल हातानेच धरावा लागतो. परंतु एकाकी ४७० पेक्षा तो बराच अधिक बोलका आहे.