भाताच्या मुळांची फसगत

भाताच्या पातीवरून उलटं बोट फिरवलं तर चरचरतं. ती धार सिलिकाची. भात मातीतून सिलिकॉन अधाशासारखं ओढतं, म्हणून ताठ उभं राहतं. पण बुडालेल्या चिखलात आर्सेनिकचा जो रेणू असतो, तो आकारानं सिलिकॉनच्या रेणूच्या इतका जवळचा की मुळातली सिलिकॉनची दारं त्यालाही आत घेतात. संशोधकांनी हे 2008 मध्ये दाखवून दिलं.

कॅडमियमची वाट वेगळी. ते मँगनीजच्या दारातून शिरतं.

त्याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती जपानच्या तोयामा भागातल्या जिंझू नदीकाठानं. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. ते सांडपाण्यातून नदीत आणि नदीतून खाचरांत गेलं. वर्षानुवर्षं तो तांदूळ खाऊन आधी मूत्रपिंडं बिघडली, मग हाडं. साध्या खोकल्यानं बरगडी मोडायची, आणि हे भोग आले बहुतेक पोक्त, लेकुरवाळ्या बायकांच्या वाट्याला. या ‘इताई-इताई’ आजाराचं मूळ खाणीतलं कॅडमियम आहे, हे सरकारनं 1968 मध्ये मान्य केलं. सुमारे 860 हेक्टर जमिनीतली दूषित माती खाली गाडून वर चांगली माती घालायचं काम 1979 ला निघालं, ते 2012 ला संपलं.

मला थक्क करतं ते मात्र पाणी. खाचर भरलेलं असलं की चिखलातला प्राणवायू संपतो, आणि मग तिथले जिवाणू गंधकाच्या क्षारांपासून सल्फाइड तयार करतात. कॅडमियम त्याच्याशी जखडलं जातं, पाण्यात विरघळत नाही. कापणीआधी बांध फोडून पाणी काढलं, जमीन भेगाळली, हवा आत गेली, की ते सुटतं; नेमकं दाणा भरताना. म्हणून कॅडमियम असलेल्या भागांतले जपानी शेतकरी भात निसवायच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे पाणी हटू देत नाहीत. आता पंचाईत बघा: त्याच पाण्याखाली लोहाची संयुगं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. पाणी ठेवा तर आर्सेनिक, काढा तर कॅडमियम. माती तीच, शेत तेच!

यातून सुटायला शास्त्रज्ञांनी मँगनीजचं दारच मोडलं. कोशिहिकारी या लाडक्या वाणाच्या बियाण्यावर कार्बन आयनांचा मारा करून त्यांनी असं भात मिळवलं, की ज्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरतच नाही. आता आर्सेनिक रोखायला पाणी खुशाल काढता येतं. पण दार मोडल्यावर मँगनीजही कमीच येणार. जिथं मातीत ते मुळातच तुटपुंजं, तिथं या भाताच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग जास्त पडतो, आणि शेतकऱ्याला मँगनीज वरून घालावं लागतं.