स्टीपलचेस बघायची तर कुठे बसाल?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यापासून बीडकरांना ही शर्यत ओळखीची झाली आहे. ती स्टेडियममध्ये बघायला जाताना:

● काय बघायचं : 3,000 मीटर अंतर, 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंमी. हा अडथळा जड असतो, पाय लागला तरी सहसा पडत नाही. पडतो तो धावपटू.

● पाण्याजवळ : 3.66 मीटर लांबीचा पाण्याचा खड्डा दुसऱ्या वळणावर, ट्रॅकच्या आत किंवा बाहेर असतो. मुख्य स्टँडमधून तो डाव्या हाताला येतो. थकवा आणि चुका इथेच आधी दिसतात.

● शेवटच्या रेषेजवळ : स्टँडचं उजवं टोक. निकाल डोळ्यांसमोर लागतो, पण पाणी लांब राहतं.

● किती उंचावर : अगदी पुढच्या रांगेतून वेग जाणवतो, मात्र पलीकडची सरळ धाव नीट कळत नाही. मधल्या किंवा वरच्या रांगेतून कोण मागे पडतोय, कोण आतली जागा धरून आहे, हे सगळं दिसतं.

● आमची पसंती : मुख्य स्टँडची डावी बाजू, वरची रांग. शेवटची पाण्यावरची उडी, त्यानंतरचा अखेरचा अडथळा आणि समोरून जाणारी अंतिम धाव, तिन्ही एकाच जागेवरून.

● तिकीट घेण्याआधी : खड्डा नेमका कुठे आहे, ते स्टेडियमच्या नकाशावर तपासा.