रक्त घडविणारी गोळी आणि रक्ताच्या कॅन्सरवरचा इलाज

गरोदर सुनेला आशाताई लाल गोळ्यांची पाने देऊन जातात. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. आसेगाव, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, कोणत्याही गावात घराघरातल्या ताकात, फडताळात या गोळ्या पडलेल्या दिसतील. काही घरांत त्या खाल्ल्या जातात, काही घरांत "मळमळते" म्हणून तशाच राहतात. या गोळीत लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड नावाचे एक जीवनसत्त्व असते. त्याचा शोध ज्या संशोधनातून लागला ते मुंबईत, गरीब मुस्लिम स्त्रियांच्या आजारपणातून सुरू झाले. त्याच शोधाची दुसरी बाजू पुढे रक्ताच्या कॅन्सरवरचे पहिले परिणामकारक औषध ठरली. ही हकिकत आपल्या घरात माहीत असायला हवी.

रक्ताचा कारखाना

रक्त तयार होते ते हाडांच्या आतल्या मगजात. तिथे मूळ पेशी असतात. एका मूळ पेशीपासून टप्प्याटप्प्याने तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट तयार होतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी जेमतेम एखादा दिवस. त्यामुळे हा कारखाना रात्रंदिवस चालू असतो. निरोगी माणसाच्या शरीरात रोज सुमारे 200 अब्ज नव्या तांबड्या पेशी तयार होतात.

नवी पेशी म्हणजे डीएनएची नवी नक्कल. ती करायला फॉलिक अ‍ॅसिड लागते. ते कमी पडले की पेशी नीट दुभंगत नाहीत, मोठ्या आणि अर्धवट राहतात आणि रक्त कमी होते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ल्युकेमियात, याच्या उलट बिघाड होतो. अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी पुढच्या टप्प्यावर जातच नाहीत आणि थांबतही नाहीत, वाढतच राहतात. मगजाची सगळी जागा त्या बळकावतात. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून माणूस फिकट पडतो. प्लेटलेटना जागा उरत नाही म्हणून हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. निरोगी पांढऱ्या पेशी उरत नाहीत म्हणून ताप हटत नाही.

परळमधली लूसी विल्स

1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदरपणात स्त्रिया इतक्या का मरतात याची चौकशी त्या काळी चालू होती, आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी त्या कामाला सुरुवात केली. गिरणगावातल्या गरीब बायकांमध्ये गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग दिसे. रक्त झपाट्याने कमी होई आणि आई व बाळ दोघेही दगावत. विल्स यांनी निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रिया काय खातात याची पाहणी केली. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वांत जास्त आजार गरीब मुस्लिम स्त्रियांत आढळला.

त्यांनी मग त्या स्त्रियांच्या जेवणासारखेच अन्न उंदरांना घातले. उंदरांचेही रक्त कमी झाले आणि गाभण माद्या पिल्ले होण्याआधीच मेल्या. अन्नात यीस्ट, म्हणजे खमीर, मिसळले तेव्हा हा आजार टळला. पुढे माकडांवरही प्रयोग झाले. अखेर यीस्टचा अर्क या बायकांना दिला आणि त्यांचे रक्त भरून येऊ लागले. 1931 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून जगभर त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले.

ज्या स्त्रियांच्या रक्तावरून हे कळले त्यांची नावे कुठे नोंदलेली दिसत नाहीत. पण आज जगभरच्या गरोदर बाया जी गोळी घेतात, तिच्यात त्या अनाम मायबहिणींचा वाटा आहे.

तोच धागा उलटा ओढला

आता गोष्ट अमेरिकेत जाते, पण माणूस आपलाच आहे. आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ले या औषध कंपनीत संशोधन प्रमुख होते. त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनविले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडसारखे पदार्थ देऊन पाहिले. आजार कमी होण्याऐवजी अधिकच वाढला. तेव्हा फार्बर यांच्या लक्षात आले की, ज्यावर या बिघडलेल्या पेशी पोसल्या जातात तेच तोडले पाहिजे.

सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडसारखा दिसणारा, पण त्याचे काम अडविणारा पदार्थ तयार केला. त्याचे नाव अमिनोप्टेरिन. पेशी त्याला फॉलिक अ‍ॅसिड समजून घेते आणि तिची वाढ थांबते. जून 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांचा अहवाल छापला. त्यांतल्या 10 मुलांची तब्येत सुधारली होती. ही सुधारणा काही महिनेच टिकली, पण तोवर या आजारात मुले काही आठवड्यांतच जात असत. औषधाने ल्युकेमिया मागे हटतो हे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. अमिनोप्टेरिनच्या घराण्यातले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही लहान मुलांच्या ल्युकेमियावर रोज वापरले जाते.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने निरोगी माणसाला कॅन्सर होत नाही. ती शंका मनात आणून गरोदर बाईने गोळी सोडू नये. मात्र ज्याच्यावर ल्युकेमियाचे उपचार चालू आहेत, त्याने ताकदीची कोणतीही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पुन्हा परळ

हाफकिन इन्स्टिट्यूटपासून अगदी जवळ, परळमध्येच, 1941 साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. तिथे 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी मगज प्रत्यारोपण यशस्वी करून दाखविले. बालपणी पोलिओ झाल्याने ते चाकांच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत. आज एका औषधाऐवजी अनेक औषधे ठरलेल्या क्रमाने दिली जातात. श्रीमंत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली सुमारे 90 टक्के मुले बरी होतात.

मोठ्या माणसांना होणाऱ्या 'सीएमएल' या प्रकारावर 2001 साली इमॅटिनिब ही गोळी आली. परदेशी कंपनीची गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात पडे, तर भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्यामुळे ही गोळी गरिबाच्या आवाक्यात राहिली. ती नियमित घेणारे हजारो रुग्ण आज कामधंदा करून संसार चालवितात.

सर्वांत नवे पाऊलही मुंबईतच पडले. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून 'कार-टी' ही उपचारपद्धती देशात विकसित केली. यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात. कॅन्सरची पेशी ओळखण्याचा जनुक त्यांत घालतात, त्यांची संख्या वाढवितात आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. आपलेच शिपाई, शत्रूची ओळख नव्याने करून दिलेले. ऑक्टोबर 2023 मध्ये या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांना गुण आला. हे सगळे रुग्ण दुसरी औषधे निकामी ठरलेले होते. काहींचा आजार पुन्हा उलटला, हेही खरे. परदेशात तीन-चार कोटींचा हा उपचार इथे सुमारे 40 लाखांत होतो. आपल्यासारख्या घरांना तोही आकडा डोंगराएवढाच आहे. पण प्रत्येक रुग्णाला कार-टी लागत नाही. मुलांच्या ल्युकेमियात वेळेवर सुरू केलेली आणि पुरी केलेली साधी, जुनी औषधेच बहुतेकदा काम करतात.

आपल्या हाती काय आहे?

आपल्याकडे खरी अडचण औषधाच्या आधीची आहे. ताप पंधरा दिवस उतरत नाही, मूल फिकट पडते, अंगावर मार न लागता निळे-जांभळे डाग उठतात, हाडे दुखतात, मानेत गाठी येतात. अशा वेळी नजर लागली म्हणून दम-तावीज, मग गावातले इंजेक्शन, मग रक्तवाढीचे टॉनिक, यात महिना जातो. दुआ जरूर करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर असताना करावी. रक्ताची सीबीसी ही साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते. तिच्यात संशय आला तर वाशीमचे जिल्हा रुग्णालय, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय गाठावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे.

दुसरी गोष्ट सबुरीची. मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या महिन्यातच मूल खेळू लागते आणि घरच्यांना वाटते, झाले बरे. उपचार मध्येच सोडले की लपून राहिलेल्या पेशी परत उठतात, आणि मग इलाज अवघड होतो.

तिसरी गोष्ट भावंडांची. प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावा-बहिणीचा मगज पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. मगज दिल्याने कुणी कायमचे दुबळे होत नाही, काही आठवड्यांत तो भरून येतो. आणि शेवटची गोष्ट लेकींची. आपल्या देशात कॅन्सरच्या रुग्णालयांत मुलांच्या मानाने मुली कमी आणल्या जातात, हे अभ्यासांत दिसून आले आहे. आजार मुलगा-मुलगी पाहत नाही. आपणही पाहू नये.

ज्या ज्ञानाची सुरुवात परळच्या गरीब मुस्लिम मातांच्या दुःखातून झाली, त्याचा लाभ आपल्या मुलाबाळांपर्यंत पोहोचला पाहिजे. फडताळातली ती लाल गोळी आजच काढा आणि सुनेच्या हातावर ठेवा. जेवणानंतर दिली तर मळमळही कमी होते. चहाबरोबर मात्र नको.