रिसायकलचं चिन्ह आणि भंगाराचा भाव

शाम्पूची बाटली उलटी केली की बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा दिसतो. हे चिन्ह म्हणजे बाटली रिसायकल होणार याची हमी, असं पुष्कळांना वाटतं. मुळात बाणांचं हे चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने कागदासाठी काढलं. १९८८ मध्ये तिथल्या प्लास्टिक उद्योगाने त्यात १ ते ७ आकडे घातले, तेही फक्त प्लास्टिकचा प्रकार ओळखू यावा म्हणून. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलंसुरलं सगळं. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला. म्हणजे चिन्हं उदंड, काम थोडं. आपल्याकडे वस्तू पुन्हा उपयोगात येणार की नाही हे भंगारवाल्याच्या काट्यावर ठरतं. तिला भाव आहे का, आणि भाव मिळण्याजोग्या स्थितीत ती तिथवर पोचली का, एवढेच दोन प्रश्न असतात. पहिला आपल्या हातात नाही. दुसऱ्याचा निकाल मात्र आपल्या ओट्यापाशीच लागतो.

दुधाची रिकामी पिशवीच घ्या. ती एकाच जातीच्या मऊ प्लास्टिकची असते, त्यामुळे तिला गिऱ्हाईक आहे. पण आपण कात्रीने तिचा कोपरा कापून टाकतो. तो इवलासा त्रिकोण इतका लहान असतो की तो कोणी वेचत नाही. तो झाडलोटीत जातो, नाहीतर गटारात. काप अर्धवट देऊन कोपरा पिशवीलाच लटकता ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. पुढे ती न विसळता चुरगाळून सुक्या कचऱ्यात टाकली की संध्याकाळपर्यंत आंबते, आणि तिच्या वासाने व ओलाव्याने शेजारची रद्दीही वाया जाते. 'धुवायला लागणारं पाणी नासाडीच नाही का?' हा आक्षेप चुकीचा नाही. पण नळ सोडून घासायची गरजच नसते. तांदूळ धुतलेल्या पाण्यात एकदा खळबळून दांडीवर उलटी टांगली की भागतं. कागदाचंही तेच. कोरडं वर्तमानपत्र रद्दीत जातं, पण भजी निथळून तेल प्यायलेलं पान कागद गिरणीच्या उपयोगाचं नाही. चिप्सच्या चकचकीत पाकिटात वेगवेगळ्या जातींचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवणं परवडत नाही. म्हणून ते धुऊन ठेवलं तरी सहसा कोणी विकत घेत नाही.

आता सगळ्यात जुना आक्षेप: वेगळा करून उपयोग काय, घंटागाडीत सगळं एकत्रच तर टाकतात! काही ठिकाणी हे खरं आहे, आणि ती तक्रार वॉर्ड ऑफिसात करायलाच हवी. घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं, तशी तो वेगळाच उचलायची जबाबदारी पालिकांवर टाकली. पण आक्षेपातून काढलेला निष्कर्ष चुकतो. कोरडी, स्वच्छ बाटली एकत्र ढिगातूनही वेगळी काढता येते. वरणभातात बुडालेला पुठ्ठा कुठल्याच यंत्राने परत कोरडा होत नाही. शिवाय सुका कचरा गाडीतच टाकला पाहिजे असं थोडंच आहे? महिन्याकाठी तो थेट भंगारवाल्याला देता येतो. 'कचरावेचक निवडतातच की' हा समज तर त्याहून वाईट. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून तिचे सभासद महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागले. सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांच्या कमाईचा भाग आहेत. आपण खरकट्यात बुचकळलेला पुठ्ठा दिला तर तो उचलणाऱ्या कचरावेचक बाईचे पैसे जातात. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धतही याच कामातून आली, कारण ते पुडकं शेवटी कोणाच्या तरी हाताशी येतं.

ओल्या कचऱ्याबद्दलचा गैरसमज उलट दिशेचा आहे. तो काय, कुजून मातीत जाईल, असं म्हणून आपण निश्चिंत होतो. अंगणातल्या खड्ड्यात तो कुजतो हे खरं. पण कचरा डेपोच्या डोंगराखाली हवा पोचत नाही, म्हणून तिथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, आणि पेटतोही. मुंबईत १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६ च्या अखेरीस आग लागली, तिचा धूर शहरभर कित्येक दिवस राहिला. पुण्याच्या कचऱ्याचा त्रास उरुळी देवाची आणि फुरसुंगी या शेजारच्या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. याच महाराष्ट्रातल्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरातूनच वेगळा केलेला कचरा घेऊन, ओल्यापासून बायोगॅस करून, डेपोच्या जागी लोक बघायला येतील असं ठिकाण उभं केलं. गाव लहान आहे, मुंबईला तो नमुना जसाच्या तसा बसणार नाही, हे मान्य. पण ओला-सुका घरातच वेगळा झाल्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. घरच्या खताला दुर्गंधी येते ही तक्रारही बहुधा डब्याची नसून ओलाव्याची असते. तळाला भोकं ठेवून प्रत्येक थरावर मूठभर वाळका पाला किंवा नारळाचा भुसा टाकला की हवा खेळते आणि वास जातो.

'विघटनशील' पिशवीचं नाव ऐकून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. अशा बऱ्याच पिशव्या औद्योगिक खतप्रकल्पातल्या साठेक अंश तापमानातच नीट विरतात. नाल्यात त्या साध्या पिशवीसारख्याच अडकून बसतात. कापडी पिशवीही आपोआप पुण्य देत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नव्या सुती पिशवीने हवामानाच्या बाबतीत प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी साधायला ती निदान ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळ्या पर्यावरणीय परिणामांचा विचार केला तर हजारो वेळा. हा अभ्यास उघड्यावर पडणारं प्लास्टिक मोजत नाही, ही त्याची मोठी उणीव. प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांची किंमत मुंबईने २६ जुलै २००५ च्या पुरात मोजली आहे. या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष मात्र पक्का आहे. प्रत्येक समारंभात फुकट मिळणारी नवी पिशवी घरात साठवणं हाही कचराच. जुन्या साडीची पिशवी शिवली तर नवा कापूस लागतच नाही.

उरतो तो एक रास्त सवाल: चकचकीत पाकिटं कंपन्यांनी काढायची आणि धुवायची आम्ही? उत्पादकाने आपलं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी प्लास्टिक कचरा नियमांत आहे, २०२२ मध्ये तिची चौकट आणखी सविस्तर झाली, आणि ती पाळली जावी म्हणून ग्राहकांनी दबाव आणलाच पाहिजे. पण भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. पालेभाजीची देठं, केळीची सालं, कालचा उरलेला भात यांना ना वेष्टन असतं ना उत्पादक, त्यामुळे या निम्म्यासाठी जबाबदार धरायला कंपनी सापडत नाही.