लांबच्या वाटेसाठी जुनी फोर-बाय-फोर

"मामा, जिप्सी घेऊ की सफारी?" भाच्याने गेल्या उन्हाळ्यात विचारले. नवराबायको दोघांना तंबू घेऊन स्पिती आणि लडाख हिंडायचे आहे, आणि नव्या गाडीला पैसे नाहीत. मी त्याला उलट विचारले, "गाडीत काय काय भरणार आहेस?" त्याला हा प्रश्न टाळाटाळीचा वाटला.

मी अभियंता नाही. गाड्यांचे जे काही कळते ते जुन्या दुरुस्ती-पुस्तिका वाचून, सुटीच्या दिवशी गॅरेजात बसून आणि एका फसलेल्या खरेदीतून. २००९ साली मी कोकण किनाऱ्यावरून एक जुनी डिझेल जीप घेतली. रंग नवा, सीट नव्या, इंजिन एका सेल्फला सुरू. चासीला खालून ताजा काळा रंग फासलेला होता, तो मला मालकाच्या टापटिपीचा पुरावा वाटला. काझ्याहून लोसरकडे जाताना मागच्या कमानपाट्याचा हँगर चासीच्या पत्र्यासकट फाटून निघाला. शेजारी नदी, सोबत पत्नी, आणि तासभर रस्त्यावर कोणी नाही. मग एका ट्रकवाल्याने लाकडाचा ठोकळा घालून साखळीने पाटा बांधून दिला आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने काझ्याला परतलो. वेल्डिंगवाल्याने रंग खरवडून दाखवला. आत लोखंड नव्हतेच, पापुद्रे होते.

तेव्हापासून जुनी गाडी मी खालून वर बघतो. खाऱ्या हवेतली गाडी आणि मराठवाड्यातली गाडी एकाच वर्षाची असली तरी एका वयाची नसते. छोट्या हातोडीने चासी ठोकत जावे. घट्ट पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि शॉक अॅब्सॉर्बरचे ब्रॅकेट इथे जास्त वेळ द्यावा. खाली ताजा काळा रंग दिसला तर तो खरवडू द्याल का, असे सरळ विचारावे. 'नाही' म्हटले तर चहा पिऊन निघावे. इंजिन पुन्हा बांधता येते, त्याचे सुटे भाग मिळतात. कुजलेली चासी मात्र गाडीच संपवते.

आता फोर-व्हील ड्राइव्हकडे येऊ, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ती बहुधा गरजेपुरती जोडायची असते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या अॅक्सलकडे जातो, एक पुढच्या. लिव्हर टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे जास्त अंतर तोडतात. चिखलात, वाळूत, बर्फात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर तशी सोय नाही. ताण शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होते आणि शेवटी क्रॉस नाहीतर एखादा दात तुटतो. जोडणी करूनही चारही चाके सारखी ढकलतात असे नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये प्रत्येक अॅक्सलचे एक चाक अधांतरी फिरू लागले की गाडी जागेवरच राहते.

माझ्या मते लांबच्या प्रवासात खरी किंमत 'फोर लो'ची आहे, आणि तीही चढापेक्षा दगडधोंड्यांच्या उतारावर. ब्रेक न तापवता इंजिनच गाडी धरून ठेवते. विलीज घडणीच्या जुन्या जीपमध्ये लो टाकले की वेग २.४६ पट उतरतो. जिप्सीत हाय आणि लो यांतला फरक त्याहून बराच कमी आहे. तिचा हलकेपणा ही उणीव झाकतो.

गाडी बघताना पुढचा शाफ्ट जागेवर आहे ना, हे वाकून पाहावे. डिझेल वाचवायला तो काढून ठेवलेल्या जीपा मी पाहिल्या आहेत, आणि मुळातच टू-व्हील असलेल्या जीपला दुसरा लिव्हर लावलेलाही पाहिला आहे. मातीच्या मैदानात हाय, लो दोन्ही टाकून पुढेमागे चालवावी. लो आपोआप निसटत असेल तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार.

जिप्सी १९८५ साली आली ती ९७० सीसीची. १९९६ नंतरची किंग १२९८ सीसीची आणि त्यापुढची एमपीएफआय. कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. तिथे कार्बोरेटर पेट्रोल तेवढेच सोडतो, हवा अपुरी पडते, इंजिन धूर काढत दमते. एमपीएफआय पेट्रोल बेताने कमी करते. म्हणून जिप्सीच घ्यायची तर ही घ्यावी. लष्कराने वर्षानुवर्षे वापरल्यामुळे डोंगराळ भागात तिला ओळखणारा फिटर सापडतो, आणि माझ्या लेखी हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे.

अडचण पोटाची आणि पाठीची. टाकी ४० लिटरची. भरलेल्या गाडीला डोंगरात लिटरला नऊ किलोमीटर धरले तर ३६० किलोमीटर होतात. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे! म्हणजे कॅन आलाच. वीस लिटर पेट्रोल सुमारे पंधरा किलो. माणसे धरून जिप्सीची ऐपत साधारण अर्ध्या टनाची. दोघांचे दीडशे किलो, पाणी चाळीस, कॅन, तंबू, अंथरूण, शेगडी, शिधा, हत्यारे मिळून आणखी दीडशे. त्यावर हौसेचा लोखंडी बंपर, विंच आणि टपावरचा तंबू चढवला की पाटे बसले. टपावरचे वजन तर आडव्या उतारावर गाडी कलंडवायला बघते. भाच्याला सामान विचारले ते यासाठी.

सफारी, १९९८ पासूनची, पुण्यात घडलेली. दोघांना आत पाय पसरून झोपता येते, सामान टपावर न्यावे लागत नाही. पण तिच्या ज्या गाड्यांत फोर-व्हील विजेच्या बटणावर चालते, तिथे मोटर किंवा वायरिंग रुसले की पान्याने काम भागत नाही. पुढचा भाग जड असल्याने बॉल जॉइंट आणि बुश आधी बघावेत.

कागदांचे थोडक्यात. नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढते. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी, लष्करी लिलावातली असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रे हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली, नंतर त्यात फेरबदल झाले. उत्तरेकडे निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम पाहावाच. आणि टायरवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसते, रबर म्हातारे असते.

सामानाची यादी भाच्याने शेवटी केली. तपकिरी रंगाचा फोल्डिंग सोफा तिच्यातून काढायला सूनबाई तयार नाही, त्यामुळे पारडे सध्या सफारीकडे आहे. रविवारी जालन्याजवळची एक बघायला जाणार आहोत. हातोडी, टॉर्च आणि अंगाखाली घालायला जुनी सतरंजी मी काढून ठेवली आहे.