सरबत घरचे की बाटलीतले?

उन्हाळ्यात परतवाड्यात सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागते. तरीही पोलिस भरतीची तयारी करणारी मुले मैदानावर घाम गाळत असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकाला मित्रांनी दवाखान्यात आणले. पोटऱ्यांत गोळे, जीभ कोरडी आणि हातात निळ्या पेयाची महागडी बाटली! "डॉक्टरसाहेब, हे पिऊनही असं कसं झालं?" दीड तास धावायचे आणि शेवटी एकच बाटली घशात ओतायची, मग दुसरे काय होणार?

ही पेये मूळची अमेरिकेतली. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी फुटबॉलच्या खेळाडूंसाठी पाण्यात साखर व क्षार मिसळले. चव जमेना, तेव्हा लिंबू पिळायला त्यांच्या पत्नीने सुचवले म्हणतात. म्हणजे आपले लिंबू-सरबतच की! एक लिटर पाणी, बारा सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ, दोन लिंबे. चमचा चहाचा. तासाभरापेक्षा जास्त कसरत असेल तर हे थोडे थोडे घेत राहावे. त्याहून कमी असेल तर साधे पाणी पुरे. ताक असेल तर उत्तमच.

मात्र हे सरबत जुलाबाच्या रोग्याला देऊ नये. तिथे साखर निम्मी, मीठ दुप्पट: लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. प्रमाणात असेल तर तीच साखर मिठासह पाणी रक्तात पोचवते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणावर कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले.

हे सांगण्याचे कारण, मेळघाटाकडून आलेले दीड वर्षाचे एक बाळ. डोळे खोल गेलेले, लघवी बंद. बापाने दोन दिवस दुकानातला 'ओआरएस' लिहिलेला फळांच्या चवीचा डबा पाजला होता, बिचाऱ्याने उसने पैसे घेऊन! खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्या डब्यात साखर कितीतरी पट होती. असे नाव पेयांवर छापायला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तान्ह्या बाळासाठी घरच्या अंदाजापेक्षा आरोग्य केंद्रातली किंवा आशाताईंकडची फुकटची पुडीच बरी.

बाळ सलाइनवर सावरले. बापाच्या पिशवीत दोन डबे उरले होते. "यायचं काय करू जी?" म्हणाला. म्हटले, घरी थोरला असेल त्याला द्या, पण जुलाब नसतील तरच.