चमचाभर पराग, मूठभर शेंगदाणे

— ऊस विकास अधिकारी, करकंब विभाग

लागणीच्या नोंदी घेत करकंब भागात फिरताना हल्ली उसाव्यतिरिक्त एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मधमाशीचा पराग खाल्ला की ताकद येते म्हणतात, खरं का?" पुण्या-मुंबईची पोरं सुट्टीला येताना पिवळ्या दाण्यांची बाटली आणतात, त्यातून हे निघालेलं आहे.

पराग आपल्याला नवा नाही. मोहोळ काढल्यावर मधाचा कांदा बाजूला केला की खाली पिवळसर, आंबूस भरलेली घरं दिसतात, तोच तो. माशी फुलावरची भुकटी मधात कालवून मागच्या पायांवर तिच्या गोळ्या करून आणते. बाटलीतला पराग मिळवायला पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी बसवतात. माशी आत शिरताना पायावरची गोळी खालच्या कप्प्यात पडते.

त्यात कस आहे, यात शंका नाही. शंभर ग्रॅममध्ये सरासरी वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शिवाय जीवनसत्त्वे आणि क्षार. पण शंभर ग्रॅम खातो कोण? चमचा भरतो पाच ग्रॅमचा, म्हणजे प्रथिन एक ग्रॅम. आपल्या मूठभर शेंगदाण्यात ते सहा-सात ग्रॅम मिळते, आणि शेंगदाणे घरचे. दम वाढतो म्हणाल, तर 1982 साली ब्रिटनमध्ये पोहणाऱ्या मुलांवर परागाच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध झाली. पोहण्यात फरक पडला नाही. आजारपणाने सराव बुडाला तो मात्र बराच कमी बुडाला, एवढेच. साखर उतरते, सांधे सुटतात असे बाटलीवर छापलेले असले तरी त्यावर औषध बंद करू नये.

आता धोक्याचे. ज्यांना दमा आहे, गाजर गवत फुलले की शिंका आणि खाज सुटते, किंवा माशी चावल्यावर अंगभर गांधी उठतात, त्यांनी पराग तोंडात घालू नये. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, आणि बाटलीत कुठल्या फुलाचे दाणे आहेत ते आपल्याला कळत नाही. घसा सुजून श्वास अडकल्याची उदाहरणे आहेत. गरोदर बाया आणि लहान लेकरांना तर देऊच नये. इतरांनी खायचाच तर पहिल्या दिवशी चार-दोन दाणेच घ्यावेत.

माझ्या खात्याच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. गुऱ्हाळावर माश्या घोंघावतात म्हणून आपल्याला वाटते, ऊसपट्ट्यात माशीची चैन आहे. तसे नाही. रसातून तिला साखर मिळते, पण पिल्लं वाढतात ती परागावर. आपला ऊस बहुधा तुरा येण्याआधीच तुटतो, आणि बांध आपण केव्हाच साफ केलेत. एक माशी वाढवायला सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात पराग लागतो. तुमचा एक चमचा म्हणजे चाळीस माश्यांची शिदोरी! म्हणून पेट्या ठेवणाऱ्यांनीही जाळी कायम लावून ठेवू नये. फुलोरा भरपूर असेल तेव्हाच थोडे दिवस लावावी.

डाळिंबवाल्यांना हे सांगायला नको, बहरात पेट्या भाड्याने आणणारे आहेतच. पण शेजारच्या मक्यावर, सूर्यफुलावर भर सकाळी फवारा मारला की त्या पेट्या बसतात. मका फुलात असताना माशी सकाळीच पराग गोळा करते. फवारणी टाळता येत नसेल तर दिवस मावळताना करा, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा. उसातल्या खोडकिडीला ट्रायकोग्रामाची कार्डे लावता येतात, त्यांचा माशीला उपद्रव नाही. बांधावर शेवगा लावा, पट्टा पद्धतीत मधे कांद्याऐवजी एखादे वर्षी तीळ किंवा सूर्यफूल घेऊन बघा.

पेट्या पाळायची हौस असेल त्यांनी आधी शिकून घ्यावे. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर 2022 साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सहल काढायची तर तिकडे काढावी. पाच-सहा सभासद तयार असतील तर गट ऑफिसात नावे द्या, बाकीचे पत्रव्यवहार शेतकी खाते बघेल.